पाटीवरची पिल्लं

माशानं बोटाला टोच मारली, एवढंच झालं. भिवा गमरे हे पुढं ज्याला ज्याला सांगायला गेला तो तो हसला, आणि त्यात हसणाऱ्याची काही चूक नव्हती. ज्या माणसानं भाट्याच्या खाडीत गावलेल्या तांबोशीच्या पोटातनं छत्री काढली, आणि ती उघडली तर आतनं कोरडी ठाक निघाली, असं मारुती मंदिराच्या टपरीवर गरम चहाची शपथ घेऊन सांगितलेलं, त्याच्या माशानं टोच मारली काय आणि भाषण ठोकलं काय, ऐकणाऱ्याला सारखंच. पण ही टोच खरी होती. मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी नऊच्या सुमाराला, रत्नागिरीत नाचण्याच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या मजल्याच्या हॉलमध्ये भिवानं टाकीत कोपरापर्यंत हात घातला, आणि नर एंजल समोरून सरळ चालून आला आणि मधल्या बोटाच्या सांध्यावर टोचला. दुखलं नाही. नखाचा कोपरा लागावा तेवढं. पण अठ्ठावीस वर्षं खेडजवळच्या लोटे गावी कंपनीत व्हॉल्व्ह फिरवलेला तो हात भिवानं झटकन मागं घेतला, आणि कोपरावरनं पाणी फरशीवर टपटपत असताना तो तसाच उभा राहिला, घरातल्याच कुणी तोंडावर 'चालता हो' म्हटल्यासारखा.

एंजल म्हणजे उभा, चपटा, बशीएवढा मासा. वरखाली लांब पंख आणि अंगावर काळे पट्टे. मूळचा दूर ॲमेझॉनच्या पाण्यातला, पण जात सिक्लिडांची, आणि आपल्या खाडीतला काळुंदरही त्याच जातीचा. म्हणून आल्यागेल्याला भिवा त्यांची ओळख 'आमच्या काळुंदराचे परदेशी साडू' अशी करून द्यायचा. या जातीत नर-मादी दोघं मिळून अंडी राखतात, पंखांनी वारा घालतात, नासलेलं अंडं वेचून काढतात, पिल्लांना घेऊन फिरतात. निदान तसं म्हणतात. घरच्या टाकीत मात्र बहुतेक एंजल आपली अंडी दुसऱ्या दिवसापर्यंत खाऊन टाकतात. त्यामुळं पाळणाऱ्यांची रीत वेगळी. टाकीत दगडी पाटी तिरकी टेकवायची. मादीनं तिच्यावर ओळीनं अंडी चिकटवली आणि नरानं वरनं फेरी मारली, की पाटी उचलून काचेच्या बरणीत ठेवायची. बरणीत निळ्या औषधाचे थेंब, आणि आईच्या पंखाच्या जागी हवेच्या पंपाचे बुडबुडे. या जोडीची पहिली वीण भिवानं टाकीत ठेवून बघितली होती. सकाळी पाटी अशी स्वच्छ, की जशी ओल्या फडक्यानं पुसली. पुढच्या दहा विणी बरणीत वाढल्या आणि बाबल्याच्या दुकानात गेल्या. बाबल्या मूळचा पालीचा, रत्नागिरीत माशांचं दुकान टाकून बसलेला. त्याचं यावर एक मत होतं. "त्यांना येणार कुठनं, भिवाकाका? ती सोता बरणीत वाढलेली. त्यांची आवस-बापूस पण बरणीत. सात पिढ्यांत कुणी आवस बघितलान नाय, तर आवस होणार कशी?"

पाटी मात्र अस्सल शाळेची. सहा वर्षांपूर्वी लोट्याहून आणलेल्या सामानात, पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाला ती सापडली होती. लाकडी चौकट, चौकटीच्या भोकात लाल दोरी आणि दोरीला दगड झालेला स्पंजाचा तुकडा. चौकट आणि दोरी भिवानं काढून टाकली, दगड ठेवला. मुलाची, प्रज्ञेशची असणार. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. पोराचं अक्षर हलक्या हाताचं असणार असं भिवानं धरून टाकलं आणि तो विचार तिथंच सोडला. सोडून द्यायच्या विचारांची त्याच्याकडं एक वेगळी ट्रंक होती, ती त्यानं कधी खाली काढली नव्हती.

हात पुसायच्या आत फोन वाजला. प्रज्ञेशच होता, बदलापूरहून; तिथं तो बायको रसिका आणि मुलगी वेदिका यांच्यासोबत राहायचा.

"जय भीम, बाबा. काय चाललंय?"

"मासा चावला."

"किती किलोचा?" प्रज्ञेश म्हणाला, आणि आपणच हसला. "बरं, ऐका. वेदिकाला ज्यांच्याकडे ठेवतो ना, त्या काकू कायमच्या गावाला चालल्या. रसिकाला ठाण्याची शाखा दिलीय, सहाला घर सोडते. पाळणाघरं बघितली, जीव होत नाही. आम्ही म्हणतोय तिला तुमच्याकडे ठेवावी. पावसाळाभर."

"पावसाळाभर," भिवा म्हणाला.

"हां. मग बघू काहीतरी. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी सोडायला येतो. आईला सांगा. का मीच सांगू?"

"मी सांगतो," भिवा म्हणाला. फोन ठेवल्यावर बघतो तर पाटी टाकीतच होती. मादी पाटीला नाक लावून पंख हलवत होती, आणि नर काचेच्या अलीकडं, बरोबर भिवाच्या समोर, आडवा उभा. बरणी बाजूला तयार होती, औषध घातलेली, निळी. भिवानं दोनदा बाही वर केली आणि दोनदा खाली केली. पावसाळाभर. बोटाच्या सांध्यावर काहीच उमटलं नव्हतं, तरी तो तिथं अंगठा फिरवत बसला.

बायकोला, सीतेला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला, हात पदराला पुसले, पुन्हा नळ सोडला, पुन्हा बंद केला. "ठेवतायत? इकडं?" मग दुपारपर्यंत तिनं माळ्यावरनं गोधडी काढली, धुतली, गॅलरीत टाकली, आणि समोरच्या शिक्षिका दीपालीला हाक मारून सांगितलं, "अगो, नात येत्येय माझी. ऱ्हायला. चार महिने!" दीपाली म्हणाली, "मग आता काकांना श्रोता मिळाला." सीता म्हणाली, "तिला काय ठाऊक हाय अजून. ती खरं मानेल बिचारी." दोघी हसल्या. भिवा टाकीसमोरच्या खुर्चीत बसून हे ऐकत होता, आणि त्याला आतल्या आत गोड वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तीन वर्षांचं पोर, मांडीवर बसलेलं, तोंडाकडं बघणारं. छत्री कोरडी निघाली म्हटल्यावर डोळे मोठे करणारं. असे डोळे त्यानं एके काळी बघितले होते. दर रविवारी, संगमेश्वरात, त्याच्या थोरल्या बहिणीच्या, चिमाच्या पडवीत.

प्रज्ञेश तेव्हा पाच वर्षांचा. लोट्याला भाड्याची एक खोली, भिंतीला ओल, आणि पोराला धाप लागायची. रात्रभर छातीत पिपाणी वाजल्यासारखी. कुणी हवेला दोष दिला, कुणी ओलीला. खेडचा डॉक्टर म्हणाला, पोरांना होतं असं, घाबरू नका, फक्त या ओल्या खोलीतनं पावसाळाभर हलवा. म्हणून चिमाकडं. तिचं घर उंचावर, जांभ्या दगडाचं, चुलीची ऊब असलेलं. पावसाळाभर म्हणून ठेवलेलं पोर तिथं नऊ वर्षं राहिलं. विचारलं कुणी, तर भिवा सांगायचा, सीता सांगायची, चिमा सांगायची, आणि पुढं प्रज्ञेशसुद्धा आपल्या बायकोला सांगायचा, की डॉक्टरांनी नको म्हटलं होतं.

डॉक्टरांनी नको म्हटलं नव्हतं. ऑक्टोबरात भिवा पोराचे कागद घेऊन एकटाच खेडला गेला. डॉक्टरानं कागद बघितले आणि मान वर न करता म्हटलं, "चांगला आहे. आणा आता त्याला. धापेचा पंप जवळ ठेवा म्हणजे झालं." एवढं बोलायला त्याला अर्धं मिनिट लागलं. भिवा स्टँडवर आला, त्यानं भजी खाल्ली, एक गाडी सोडली, दुसरी पकडली. वाटेत त्याच्या मनात वाईट असं काही नव्हतं. मनात होती झोप. रात्रपाळी करून सकाळी आठला खोलीवर यायचं आणि अंधार करून आडवं व्हायचं, आणि त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच त्या एका खोलीत ना रडणं, ना खोकणं, ना भांड्यावर भांडं. सीतासुद्धा पाय न वाजवता बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. अशी झोप, की उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते आठवायला लागावं. त्याला ती सोडवत नव्हती. दारात सीता उभी होती, संध्याकाळच्या पाचला, वेणीफणी केलेली, कशासाठी कोण जाणे. "काय बोलले?" आणि भिवाचं तोंड उघडलं आणि त्यातनं आलं, "वयात येईपर्यंत नको म्हणतात. छाती नाजूक हाय." सीता आत गेली आणि तिनं चहा टाकला.

उद्या सांगू, असं त्याला वाटलं होतं. हे खरंच वाटलं होतं. पण थापेचं एक शास्त्र आहे आणि ते भिवाएवढं रत्नागिरी जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. कपाला जसा कान असतो तसा थापेला असावा लागतो. ऐकणाऱ्यानं दोन बोटांनी तो धरावा आणि म्हणावं, 'काय फेकतोस रे.' पोटातली छत्री कोरडी निघते ती त्यासाठीच. ओली निघाली असती तर ते खोटं झालं असतं. या थापेला मात्र कान नव्हता. गोल, गुळगुळीत, हातातनं सुटून गेली आणि घरभर लोळत राहिली, आणि कुणालाच ती धरता आली नाही. आयुष्यभर त्यानं हजार गोष्टी सांगितल्या, एकीवर कुणी विश्वास ठेवला नाही. आणि ज्या एकीवर ठेवला, तिच्यात माशाचं नावसुद्धा नव्हतं.

बुधवारी अंडी तशीच होती. दोन-तीन पांढरी पडली होती, ती मादीनं वेचून काढली. सीता दिवेलागणीला बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावायची आणि लगेच टाकीचा दिवा बंद करायची, ही तिची सवय. भिवा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. अंधारात त्यांना अंडी दिसत नाय, मग खातात." "माणसाला दिवा नाय आणि माशाला दिवा," सीता म्हणाली, पण हात मागं घेतला. गुरुवारी भिवा बाबल्याकडं आर्टेमियाची डबी आणायला गेला. आर्टेमिया म्हणजे वाळूसारखी सुकी अंडी. खाऱ्या पाण्यात टाकून चोवीस तास हवा सोडली की त्यातनं नारिंगी धुळीसारखे जीव निघतात, आणि एंजलच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत तेच लागतात, दुसरं काही तोंडात मावत नाही. भाट्याच्या समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचं, ही भिवाची स्वतःची पद्धत.

"बरणीत किती फुटली?" बाबल्यानं विचारलं.

"बरणीत नाय घातलेली. आवस-बापसाकडंच ठेवलीयत."

बाबल्यानं डबी द्यायला काढलेली ती परत फळीवर ठेवली. "मग हे कशाला नेताय? उद्या पाटी धुतलेली मिळेल."

"नरानं टोच मारलान मला."

"हो, काका. आणि परवा मला खेकड्यानं राम राम घातलान."

आणि शुक्रवारी सकाळी पाटी धुतलेली होती. भिवा दात घासता घासता आला आणि तोंडातला फेस तसाच ठेवून उभा राहिला. काळा, सपाट, ओला दगड. जोडपं टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, काहीच घडलं नसल्यासारखं. त्याला माशांचा राग आला नाही. त्याला एकदम चिमा आठवली, एका रविवारी पडवीत सुपात तांदूळ पाखडता पाखडता, वर न बघता ती म्हणाली होती, "तू काय सांगितलंस रे पोराला, काळुंदराचं? शाळेत उभा केलान त्याला मास्तरनं."

ते असं होतं. पोरानं एकदा विचारलं, "माझ्या जागेवर कोण झोपतं?" भिवा म्हणाला, "कोण झोपणार? आपल्या पाण्याच्या टाकीत एक काळुंदर येऊन ऱ्हायलाय. रात्री पाळतीवर असतो. तुझ्या अंथरुणावर मांजर चढलं तरी तो टाकीतनं पाणी उडवतो. मी विचारलं, कधीपर्यंत ऱ्हाणार? तर म्हणाला, प्रज्ञेश आला की मी चाललो खाडीत, माझी पण पोरं हायत." याला कान होता. चांगला मोठा कान होता. पण पाच वर्षांचा हात तो धरणार कसा? पोरानं ते मानलं, दर रविवारी काळुंदराची खुशाली विचारली, आणि एक दिवस शाळेत सांगितलं. मास्तरांनी त्याला बाकावर उभं करून पुन्हा सांगायला लावलं. वर्ग हसला. पुढच्या रविवारी पोरानं भिवाला विचारलं, "बाबा, काळुंदर खाडीत गेला का?" "नाय रे, तुझी वाट बघतोय." त्यावर पोर हसलं. मोठ्या माणसासारखं, एका बाजूनं. फोनवर आज हसतो तेच हसू. त्यानंतर त्यानं काळुंदराचं विचारलं नाही, आणि आपल्या जागेचंही नाही.

भिवानं चूळ भरली आणि पाटी काढायला म्हणून पुन्हा हात घातला. नर पुन्हा चालून आला, पण पाटीकडनं नव्हे, मागच्या कोपऱ्यातनं. भिवा गुडघ्यावर बसला, चष्मा लावला. हीटरच्या काचेच्या नळीवर, मागच्या बाजूला, एक थरथरता पुंजका होता. टाचणीच्या टोकाएवढे दोनशे-तीनशे जीव, नळीला डोक्यानं चिकटलेले, शेपट्या वळवळणारे. खाल्ली नव्हती. अंडी फुटल्यावर एकेक तोंडात धरून, टाकी ओलांडून, दोघांनी नव्या जागी नेऊन ठेवली होती. त्यातलं एक खाली गळलं. मादी खाली उतरली, तिनं ते तोंडात घेतलं; आता गिळणार, असं भिवाला वाटलं. तिनं दोनदा गालफडं हलवली आणि नळीवर फू करून ते परत चिकटवलं. बरणीत वाढलेली होती ती. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"सीते," भिवानं हाक मारली, "ये बघ, ये बघ."

"माझ्या गोधडीला टाके घालायचेत," ती आतनं म्हणाली. "काय झालं? मासा कविता म्हणतोय?"

मंगळवारी, आठव्या दिवशी, पिल्लं सुटली. संध्याकाळी पाचच्या उन्हात ती टाकीच्या मधोमध धुरळ्याच्या ढगासारखी तरंगत होती. बाप पुढं, आई मागं, आणि ढग त्यांच्यामध्ये. बाप वळला की ढग वळायचा. नारिंगी आर्टेमिया सोडल्यावर एकेकाचं पोट नारिंगी झालं, मोहरीच्या दाण्याला दिवा लावावा तसं. भिवानं आयुष्यात बघितलेली ही एकच गोष्ट होती जिला त्याला काहीही जोडावंसं वाटलं नाही. त्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टाकीसमोर धरला.

"बाबा, हे यूट्यूबवरनं उचललंत."

"आपल्या टाकीतलं हाय रे. मागं कॅलेंडर बघ आपलं."

"कॅलेंडरसुद्धा लावलंत! मानलं तुम्हाला."

मागनं रसिकाचा आवाज आला, "अय्या, किती गोड! वेदू, बघ आजोबांचे मासे." एक लहान हात पडद्यावर आला आणि सगळं अंधारलं. मग पुन्हा प्रज्ञेश. छत्तीस वर्षांचा, केस थोडे विरळ झालेला, कडेवर पोर घेतलेला. आणि पोर त्याच्या कडेवर कसं तरीच बसलं होतं, अर्धं घसरलेलं, भाजीच्या पिशवीसारखं. भिवानं ते बघितलं. पूर्वीही बघितलं असेल, आज दिसलं.

"म्हणजे शनिवारपर्यंत तुमचा पोरं सांभाळायचा सराव झाला," प्रज्ञेश म्हणाला. आत स्वयंपाकघरात सीता भाकऱ्या करत होती. तिचे हात परातीत एका लयीत पडत होते. भिवाला वाटलं, हा आवाज चालू आहे तोवर बोलून टाकावं.

"प्रज्ञेश, तुला आतेकडं ठेवला ना..."

"हां?"

"डॉक्टर तसं काय बोललाच नव्हता. आणा म्हणाला होता. त्याच ऑक्टोबरात. मी आणला नाय. रात्रपाळी करून आलो की झोप लागायची, म्हणून. तू ठेवू नको तिला हितं. पावसाळा संपत नाय तो."

पडद्यावर प्रज्ञेशचं ते हसू आलं, एका बाजूनं. "एक नंबर, बाबा! ही नवीन आहे. सरळ सांगा ना, माशांना त्रास होईल म्हणून नात नको."

"छत्रीसारखं नाय हे, प्रज्ञेश."

"छत्री तरी पटत होती हो," प्रज्ञेश म्हणाला आणि पुन्हा हसला. रसिकाही हसली. आणि मग भिवाला कळलं की घरात आवाज नाही. आतली परात थांबली होती. तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला, आणि तरी कुणी ती उलटली नाही. मग सीता दारात आली. हाताला पीठ तसंच. तिनं भिवाकडं बघितलं, आणि तीस वर्षांपूर्वी दारात उभी राहून बघितलं होतं तसंच बघितलं.

"खरं?"

"व्हय."

तिनं पिठाच्या हातानंच फोन घेतला. "प्रज्ञेश, पोरीला हलवायची नाय. मी येतंय तिकडं."

"आई, अगं बाबा थापा मारतायत. तू पण काय... आणि इथं दोन खोल्या, तू झोपणार कुठं?"

"लोट्याला एकच खोली होती," सीता म्हणाली. फोन कसा बंद करायचा हे तिला येत नव्हतं, म्हणून तो टेबलावर पालथा घातला; आतनं प्रज्ञेश काही वेळ 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिला.

ती रडली असती तर भिवाला काहीतरी करता आलं असतं. ती टाकीसमोरच्या खुर्चीत, त्याच्या खुर्चीत बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा. पिल्लांकडं बघत बसली. मग म्हणाली, "ती पाटी कुणाची हाय, ठाऊक हाय?"

"प्रज्ञेशची."

"त्याची कशी असंल? त्याची आतेकडं होती. ही मी घेतली. तुम्ही खेडला गेलात त्या दिवशी, नाक्यावरच्या दुकानातनं. दोरी ओवली, स्पंज बांधला. पाचाच्या गाडीनं तुम्ही येणार, आणि रविवारी त्याला आणणार म्हणून." ती थांबली. "तिच्यावर एक अक्षर नाय. हात फिरवून बघा."

भिवाला हात फिरवायची गरज नव्हती. सहा वर्षं तो फिरवतच होता. दोरी आणि स्पंज त्यानं कुठल्या कचऱ्यात टाकला ते त्याला आठवत होतं; निळ्या झाकणाच्या. सीता उठून बॅग काढायला गेली. तेवढ्यात माळ्यावरनं सीतेनं ओढलेली बॅग धप्पकन जमिनीवर पडली. टाकी हादरली, ढग फुटला, पिल्लं चहूकडं पांगली, आणि दोन्ही मासे सैरावैरा धावत एकेकाला तोंडात घेऊन मधोमध आणून सोडू लागले. सीता बॅग तशीच टाकून खाली वाकली. दोघांनी मिळून ते बघितलं, पार शेवटचं पिल्लू परत येईपर्यंत.

शुक्रवारी सकाळी सीता निघाली. बॅगेत गोधडी, कुळथाच्या पिठाची पिशवी, पोरीसाठी फणसपोळी. रिक्षा खाली उभी होती. दीपाली बॅग घेऊन जिना उतरली. भिवा म्हणाला, "स्टँडपर्यंत येतो."

"पिल्लांना खायला कोण घालणार? दिवसातनं चार वेळा लागतं म्हणालात ना." तिनं चपला घातल्या. "ती जरा मोठी झाली की या. नाय आलात तर मी समजेन, डॉक्टरानं नको म्हटलं."

ती हसली नव्हती. पण या वाक्याला कान होता. आणि भिवा पुढचे वीस दिवस तो धरून बसला. सकाळ-दुपार-संध्याकाळ नारिंगी पाणी पिचकारीनं सोडायचं, तळ स्वच्छ करायचा, दिवा ठेवायचा. टपरीवर तो जाईना. गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काय भिवाशेठ, आज कुठला मासा?" आणि भिवा म्हणाला, "सीता गेली बदलापूरला. नातीला सांभाळायला." "आणि?" सगळे वाट बघत राहिले. आणि काही नव्हतं. रोज रात्री जेवणाआधी फोन यायचा, सीतेचा नव्हे, पोरीचा. कुणीतरी तो तिच्या हातात देत असणार. ती विचारायची, "आजोबा, मासे काय कलतात?" आणि भिवा सांगायचा, आज त्यांना पंख फुटले. आज ती चपटी झाली. आज एकाच्या अंगावर पट्टा आला. प्रज्ञेश मागं असायचा. त्याचं हसू ऐकू यायचं, आणि एका दिवशी ते ऐकू आलं नाही. त्यानं पोरीच्या हातनं फोन घेतला आणि म्हणाला, "बाबा. आईला मी विचारलं." तिकडं गाडीचा हॉर्न, इकडं टाकीचे बुडबुडे. "झोपेसाठी?" भिवा म्हणाला, "व्हय." "बरं," प्रज्ञेश म्हणाला, आणि फोन पोरीकडं परत दिला.

जूनच्या मध्याला बाबल्या किल्ली न्यायला आला. टाकीसमोर उभा राहून त्यानं तोंडावर हात ठेवला. पिल्लं आता नखाएवढी, उभी, चपटी, आईबापाच्या मापात कापलेली. "काका, तुम्ही खरं सांगितलंत," तो म्हणाला, आणि ओशाळला. जणू त्यानंच काही चुकीचं केलं होतं.

"दिवा बंद करू नको. चार वेळा घाल. समुद्राचं पाणी कॅनमध्ये हाय."

"निघालात कुठं पण? किती दिवस?"

"पावसाळाभर," भिवा म्हणाला.

बाबल्या हसायला लागला, आणि मधेच थांबला.

बॅग भरून झाली होती. एकच वस्तू राहिली होती. भिवानं बाही वर केली आणि टाकीत हात घातला, पाटी घ्यायला. पिल्लांना आता तिची गरज नव्हती. नर समोरून सरळ चालून आला. त्याला काय ठाऊक, ही कुणाची पाटी. त्यानं त्याच सांध्यावर टोच मारली, मग अंगठ्यावर, मग मनगटावर, आणि मादीही आली. भिवानं हात मागं घेतला नाही. सावकाश, पिल्लं बाजूला होतील अशा बेतानं, पाटी वर काढली, आपल्या टॉवेलला पुसली, दोन्ही बाजूंनी. मग बाबल्याला म्हणाला, "मला स्टँडवर सोडताना नाक्यावर थांबू जरा. पेन्सिलींचा डबा घ्यायचाय."